आतली काच

आमच्या शेडमधल्या वेल्डरला सगळे पोलाद म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि तेही ओ देतात. त्यांच्या हातचा जोड सहसा सुटत नाही, तेव्हा नाव कामावरून पडलं असेल असं नव्या माणसाला वाटतं. तसं असतं तर मला काही म्हणायचं नव्हतं. पण नाव पडलं ते त्यांची बायको गेली तेव्हा. त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांतून टिपूससुद्धा आलं नाही, आणि आमच्या फिटरनं दुसऱ्याच दिवशी चहा पिता पिता जाहीर केलं, "माणूस नाही हो तो, पोलाद आहे पोलाद." कौतुकानं म्हणाला. मला तेव्हाच त्याच्या डोक्यात पाना घालावासा वाटला होता.

मी या शेडचं स्टोअर सांभाळते. जाळीच्या खिडकीमागे बसायचं आणि ज्याला जे लागेल ते काढून द्यायचं. वेल्डिंगचे रॉड, हातमोजे, ग्राइंडरची चाकं, मास्कच्या काचा. माझा स्वभाव तापट आहे असं सगळे म्हणतात. आमच्या मालकांचाही आहे, पण त्यांच्या बाबतीत कुणी स्वभाव काढत नाही, कामाचा ताण म्हणतात. एकदा माल परत आला तेव्हा मालकांनी फोन भिंतीवर फोडला आणि खुर्चीला अशी लाथ घातली की ती माझ्या जाळीवर येऊन आदळली. सगळे मुकाट्यानं बाजूला झाले. नंतर एकानं त्यांना गार पाणी नेऊन दिलं. त्याच आठवड्यात मी नुसता आवाज चढवला, तर "बाई, घरी काही झालंय का?" आणि मालकांच्या बोलण्यानं मला एकदा रडू आलं, तर "बायकांना काही बोलायची सोयच राहिली नाही." म्हणजे आम्ही चिडायचं नाही आणि पुरुषांनी रडायचं नाही. ही वाटणी कुणी केली देव जाणे, पण आमच्या शेडमध्ये ती अगदी काटेकोर पाळली जाते.

पोलादांची बायको बरेच महिने आजारी होती. शेवटी हॉस्पिटलमध्येच गेली. मी त्यांच्या घरी पोचले तेव्हा आतल्या खोलीत बायका बसल्या होत्या आणि मधोमध त्यांची मुलगी. शाळेत होती तेव्हा. एकुलती एक. तिला कुशीत घेऊन तिची आत्या, म्हणजे पोलादांची मोठी बहीण, मोठ्यानं रडत होती. आम्ही बाकीच्या कुणी मुलीच्या पाठीवरून हात फिरवत होतो, कुणी आपलं स्वतःचंच काही आठवून डोळे पुसत होतो. खरं सांगू, रडून मला बरं वाटलं. रडणाऱ्यांसाठी एक खोली होती, जवळ घेणारी माणसं होती, भरून ठेवलेला तांब्या होता.

पोलाद बाहेर होते. त्यांच्याकडे कामं होती. गाडी सांगितली का, डॉक्टरांचा कागद घेतला का, खुर्च्या कमी पडताहेत, अमक्याला फोन लागत नाही. ते आत यायला निघाले की कुणीतरी खांद्यावर हात ठेवायचं आणि त्यांना अलगद मागे वळवायचं. "तू खचलास तर पोरीनं कुणाकडे बघायचं?" हे वाक्य मी त्या दिवशी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं की मला त्याची शिसारी आली. पोरीनं कुणाकडे बघायचं म्हणे! पोरगी बघतच होती. सारखी दाराकडे बघत होती.

अखेर एकदा ते दारात आले. मुलीनं मान वर केली. तिला वाटलं असणार, आता बाबा आत येतील, मला जवळ घेतील. त्यांचा खालचा ओठ थरथरत होता, तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "विचारलंस का आत?" आणि पोलादांनी घसा खाकरून विचारलं, "चहा किती जणींना लागेल?"

मुलीनं मान खाली घातली. ओठाचं थरथरणं तिला त्या पाण्यानं भरलेल्या डोळ्यांनी दिसलं नसावं. तिला फक्त चहा ऐकू आला.

त्याच दुपारी आत्या डोळे पुसता पुसता भावाचं कौतुक सांगत होती. "लहानपणी इतका रडूबाई होता म्हणून सांगू! शेजारच्यांचं मांजर मेलं तरी जेवायचा नाही. मग एकदा आमच्या वडिलांनी माझा फ्रॉक घातला त्याला आणि दारात उभं केलं. म्हणाले, रड आता, बघू दे सगळ्या गल्लीला. संध्याकाळपर्यंत उभा होता. त्यानंतर आजतागायत रडला नाही बघा." बायका रडता रडता हसल्या. तो फ्रॉक डोळ्यांसमोर येऊन मलाही हसू फुटलं. मग दारातून बाहेर बघितलं. पोलाद खुर्च्यांवर खुर्च्या रचत होते. त्यांच्या कानावर गेलं होतं की नाही कुणास ठाऊक.

पुढे घरात बाप आणि मुलगी अशी दोघंच उरली. मुलगी गुणाची. स्वयंपाक शिकली, अभ्यास सोडला नाही, बापाचे डबे केले. पण बोलणं कामापुरतं. जेवण झाकून ठेवलंय. गॅस संपत आलाय. एकदा पोलाद घरी चावी विसरून आले म्हणून ती शेडवर द्यायला आली होती, तेव्हा माझ्याजवळ बसली. मी तिच्या आईचा विषय काढला. ती म्हणाली, "काकू, आई गेली त्या दिवशी बाबांना चहाची पडली होती." चेहरा असा कोरडा ठणठणीत की बापाचीच मुलगी वाटावी. मी म्हटलं, "अगं, पुरुषांना नाही दाखवता येत." त्यावर म्हणाली, "चिडलेलं बरं दाखवता येतं सगळ्यांना." तिचं चुकलं नव्हतं.

मग ती खाटांची ऑर्डर आली. आमच्या मालकांना कुठल्याशा हॉस्पिटलच्या लोखंडी खाटा करायचं काम मिळालं, डोक्याकडचा भाग दांडा फिरवून वर उचलता येतो तशा. नमुन्याची खाट शेडच्या मधोमध आणून ठेवली. पोलाद आले, खाटेभोवती एक फेरी मारली आणि दांडा धरून फिरवला. डोक्याकडचा भाग वर आला. मग त्यांनी दांडा उलटा फिरवून तो खाली नेला, अगदी सावकाश, वर कुणीतरी झोपलंय आणि त्याला हिसका बसता कामा नये तसा. फिटर म्हणाला, "जमलं का पोलाद?" ते म्हणाले, "जमलं." आणि कामाला लागले.

त्याच महिन्यात ते पहिल्यांदा माझ्याकडे आतली काच मागायला आले. वेल्डरच्या मास्कला मधोमध एक काळी काच असते, तिच्यातून तो भगभगीत उजेड बघता येतो. काळ्या काचेच्या बाहेर एक साधी पांढरी काच, ठिणग्या झेलायला, आणि आतून डोळ्यांच्या बाजूला आणखी एक पांढरी. बाहेरची काच ठिणग्यांनी तडतडून सगळ्यांची खराब होते, ती मी सारखी देत असते. आतली कुणी मागत नाही. तिला काय होणार? पोलादांनी जुनी काच खिडकीतून आत सरकवली. खालच्या कडेला पांढरट डाग वाळले होते, पुसून पुसून काच धुरकट झाली होती. घाम असेल, म्हणून मी नवी दिली. थोड्या दिवसांत पुन्हा आले. पुन्हा तेच.

एकदा जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर होते. मी काहीतरी मोजायला शेडमध्ये गेले. अर्धवट झालेल्या खाटेसमोर पोलाद स्टुलावर बसले होते. मास्क तोंडावर ओढलेला, रॉड धरायचा होल्डर मांडीवर. मशीनचा आवाज नव्हता. मी बघितलं, बटण बंद होतं. एकही ठिणगी नाही आणि माणूस मास्क लावून बसलाय. खांदे हलत होते. आतून आवाजही येत नव्हता, इतकी त्यांनी सवय करून घेतली होती. मी पाय न वाजवता मागे आले आणि माझ्या जाळीमागे येऊन मनसोक्त रडले. मला कुणी मास्क घाल म्हणणार नव्हतं.

खाटा गेल्या आणि त्यातली एक परत आली. डोक्याकडचा जोड सुटला होता. पोलादांचा जोड! मालकांनी सगळ्यांसमोर त्यांना झापलं. "आंधळा झालास का?" पोलाद खाली बघत म्हणाले, "डोळ्यांना वेल्डिंग लागलं होतं." हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. मास्क न लावता तो उजेड बघितला की काही तासांनी डोळे लाल होतात, वाळू गेल्यासारखे खुपतात आणि पाणी थांबता थांबत नाही. ऐकल्याबरोबर मालकांचा पारा उतरला. खांद्यावर थाप मारून म्हणाले, "अरे, मग सांगायचं नाही का? डोळे सांभाळ बाबा." फिटरनं स्वतः जाऊन ड्रॉपची बाटली आणली. मी जाळीतून सगळं बघत होते. त्या पाण्याला एकदाचं मान्य होईल असं कारण मिळालं होतं.

ती बाटली घेऊन ते घरी गेले, आणि पुढचं त्यांनीच मला सांगितलं. मला का सांगितलं, तर मीच एकदा आतली काच देता देता म्हटलं, "पोलाद, मला माहीत आहे हा घाम नाही." त्यांनी मागे वळून कुणी ऐकत नाही ना ते बघितलं. मग म्हणाले, "कुणाला सांगू नका." आणि मग, इतकी वर्षं कधी दोन वाक्यांपलीकडे न बोललेला माणूस बोलायला लागला. "त्या दिवशी घरी गेलो तर पोरगी म्हणाली, डोकं मागे करा. एका हातानं कपाळ धरलं, दुसऱ्या हातानं ड्रॉप घातले. तिचा हात गार आहे हो बाई. तिच्या आईचा होता तसा. ती गेल्यापासून पोरीनं मला हात लावला नव्हता."

"मग आता रोजच वेल्डिंग लागतं वाटतं?" मी म्हटलं.

"रोज कुठे? अधूनमधून. आणि पाणी खरंच येतं. कारण तेवढं खोटं असतं."

मी चिडले. चिडण्यासारखंच होतं. "अहो, सांगा ना तिला सरळ! आईसाठी रडतोय म्हणावं. ती पोरगी तुम्हाला दगड समजून बसलीय."

"कसं सांगू? जीभ उचलत नाही."

"मग रडा एकदा तिच्यासमोर. जिभेचं कामच नको."

"असं ठरवून रडता येतं का?"

"मालक नाही ठरवून चिडत?" यावर ते हसले. पोलाद हसलेले मी तेवढेच पाहिले.

मुलीला दूरच्या शहरात नोकरी लागली तेव्हा मी त्यांच्या मागेच लागले. एकदा ती गेली की फोनवर जेवलात का, औषध घेतलं का, एवढंच उरणार होतं. आईचं घर सोडताना ती हे मनात घेऊन जाणार होती की आई गेली तेव्हा बापाला काही वाटलं नाही. मी म्हटलं, "तिच्या जाण्याआधी दोन दिवस रजा घ्या. वेल्डिंगच केलं नाही तर डोळ्यांना वेल्डिंग लागलं असं म्हणायला तिला जागा राहणार नाही. डोळ्यांत पाणी आलं तर ते येऊ द्या, पुसू नका, कारण सांगू नका. कळेल तिला." त्यांनी मान हलवली. रजा घेतली. मला स्वतःच्या हुशारीचा फार अभिमान वाटला.

तिची बस दुपारची होती. त्या सकाळी मी शेड उघडायला आले तर पोलाद आधीच दाराशी उभे. खांद्यावर पाइप, पट्ट्या, जुनं सामान. मी म्हटलं, "तुमची रजा ना?" म्हणाले, "तिच्या नव्या खोलीत कपाट नाही म्हणाली काल. घडीचा रॅक करून देतो. बसमध्ये मावेल असा." मग तासभर ठिणग्या उडत राहिल्या. रॅक असा सुरेख झाला की काय सांगू, कुठल्याही कोपऱ्यावरून हात फिरवला तरी खुपेल असं काही नाही. सगळे कोपरे त्यांनी घासून गुळगुळीत केले होते, तिच्या ओढणीचा धागासुद्धा अडकू नये म्हणून. मी कौतुक केलं आणि स्टोअरमधून निळा रंग काढून दिला. आम्ही दोघंही काय करत होतो ते आमच्या लक्षात आलं नाही.

बस स्टँडवर आत्या आलेली होती, मी होते. आत्यानं बस दिसल्याबरोबर गळा काढला. मुलगी तिच्या गळ्यात पडली, दोघी रडल्या, आजूबाजूच्या बायकांचेही डोळे ओले झाले. एका बाईनं स्वतःच्या पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली. पोलाद रॅक बसच्या टपावर बांधून खाली उतरले आणि त्या दोघींपासून जरा लांब उभे राहिले. मी त्यांच्याकडे बघून मान हलवली. जा म्हटलं. ते पुढे झाले.

आणि रडले. हो, रडले. मास्क नाही, रुमाल नाही, भर दुपारी, चारचौघांत. तोंड वाकडं झालं, नाक वाहायला लागलं, लहान मुलाचं होतं तसं. मला वाटलं, देवा, झालं एकदाचं. बसचा कंडक्टर नजर चुकवून दुसरीकडे बघायला लागला. दोन पुरुष बोलता बोलता थांबले आणि सरकून उभे राहिले, जणू माणसाला काही लागण झालीय. आत्यानं स्वतःचे डोळे पुसले आणि दबक्या आवाजात म्हणाली, "अरे, हे काय? लोक बघताहेत. पुरुषासारखा पुरुष तू."

मुलगी वळली. बापाकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर एक क्षण काहीतरी हललं, मी शपथेवर सांगते. मग तिची नजर त्यांच्या हातांवर गेली. नखांत निळा रंग होता, बाहीला ठिणग्यांची बारीक भोकं पडलेली.

"बाबा, आजही?" ती म्हणाली. "त्या रॅकपायी ना? घाईघाईत मास्क लावला नसणार. किती वेळा सांगायचं?" तिनं पर्स उघडली. आत ड्रॉपची नवी कोरी बाटली होती, बापाला द्यायलाच घेतलेली. "डोकं मागे करा."

त्यांनी डोकं मागे केलं. तिनं डाव्या हातानं कपाळ धरलं. मी मनात ओरडत होते, बोला, आता बोला, अजून वेळ गेली नाही. तिनं एका डोळ्यात ड्रॉप घातला, मग दुसऱ्या. ते पाणी आणि ते ड्रॉप एक होऊन कानांपर्यंत ओघळलं.

"मास्क लावला होता का?" तिनं विचारलं.

"विसरलो," पोलाद म्हणाले.

तिनं बाटली त्यांच्या खिशात ठेवली, पाया पडल्यासारखी वाकली, बसमध्ये चढली. बस वळणावरून दिसेनाशी झाल्यावर मी त्यांच्यावर तुटून पडले. "एक शब्द निघाला नाही तुमच्या तोंडून! एक!" ते म्हणाले, "हात कपाळावर होता हो तिचा. बोललो असतो तर काढला असता."

पण मी गप्प बसणारी नव्हे. महिन्याभरानं मीच तिला फोन केला आणि सगळं सांगितलं. खाटा, काचेवरचे डाग, बंद मशीनसमोर हलणारे खांदे, काही म्हणजे काही ठेवलं नाही. ती म्हणाली, "काकू, तुम्ही फार चांगल्या आहात. पण डाग घामाचे असतील हो. मास्कमध्ये किती उकडतं, बाबाच सांगायचे." मी म्हटलं, "अगं, मी डोळ्यांनी पाहिलंय." ती म्हणाली, "तुम्हाला तसं वाटलं असेल. मी त्यांच्या घरात राहिलेय. रडणारा माणूस कळतो ना काकू. आणि बरं का, मला आता राग नाही त्यांचा. आहेत ते तसे आहेत." तिचा आवाज मऊ होता. तिनं बापाला माफ केलं होतं, न केलेल्या गुन्ह्याबद्दल. राग तरी असता तर एखाद दिवशी भांडण झालं असतं आणि भांडणात खरं बाहेर आलं असतं. आता तीही वाट बंद झाली.

शेडच्या पत्त्यावर तिचं पार्सल येतं. त्यात ड्रॉपची बाटली असते आणि मास्क लावा अशी चिठ्ठी. पोलाद त्या बाटल्या माझ्या खिडकीच्या कट्ट्यावर ओळीनं ठेवतात. एकीचंही सील फोडलेलं नाही. परवा नवी आली तेव्हा मी खिडकीतून ती त्यांच्या हातात दिली, आणि सोबत त्यांनी मागितलेली आतली काच.

"तुम्ही फोन केला होता म्हणे तिला," ते म्हणाले. "काही बोललात का?"

"बोलले."

"मग? काय म्हणाली?"

माझा तोंडाचा पट्टा सगळ्या शेडला माहीत आहे. मालकांना मी घाबरत नाही. पण त्या माणसाच्या तोंडाकडे बघून मला खरं सांगता येईना.

"तुमची फार काळजी करते म्हणाली," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा उजळला. बाटली त्यांनी ओळीच्या शेवटी ठेवली, तिचं लेबल पुढे येईल अशी फिरवली आणि जाऊन आपल्या स्टुलावर बसले. नवी काच मास्कमध्ये बसवली. मास्क तोंडावर ओढला. मी बराच वेळ आवाजाची वाट बघत राहिले. मशीन बंदच होतं.